टालर आणि थळकर

डॉलर हे घडणीनं एक आडनाव आहे. आपल्या पेणकर, रोहेकर, नागोठणेकरांच्या पंगतीत बसावं असं. त्याचं गाव बोहेमियाच्या डोंगरात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, जर्मनीच्या सीमेला लागून आहे. तिथे १५१६ साली चांदी लागली आणि रानात बघता बघता खाणकामगारांचं शहर उभं राहिलं. त्याला संत योआखिमचं नाव दिलं गेलं : सांक्ट योआखिम्सटाल. जर्मनमध्ये टाल म्हणजे खोरं. तिथल्या श्लिक घराण्यानं १५२०च्या सुमारास त्या चांदीची जाड, वजनदार नाणी पाडली आणि लोक त्या नाण्याला म्हणू लागले योआखिम्सटालर, म्हणजे योआखिमच्या खोऱ्याचा. जर्मन माणूस गावाच्या नावामागे ‘अर’ लावतो, आपण ‘कर’ लावतो. काम एकच.

एवढं लांब नाव बाजारात कोण घेणार? पुढचा योआखिम गळाला आणि नुसता ‘टालर’ उरला. कुठल्या खोऱ्याचा ते सांगणारा भागच पडला आणि राहिला निव्वळ ‘खोरेकर’. डच लोकांनी त्याचं डाल्डर केलं, इंग्रजांनी डॉलर. अमेरिकेनं १७९२ साली कायदा करून आपल्या चलनाला हे नाव दिलं. स्लोव्हेनियाचा टोलार युरो येईपर्यंत चालला, आणि प्रशांत महासागरातल्या सामोआत आजही ‘ताला’ चालतो. चांदी संपली, नाणं गेलं, गावाचं नावसुद्धा बदलून चेक भाषेत याखिमोव्ह झालं. त्याच खाणींतून निघालेल्या काळ्या खनिजाच्या चोथ्यातून मारी क्यूरींनी पुढे रेडियम वेगळं काढलं, पण ती निराळी गोष्ट.

टालर हे माणसांचंही आडनाव आहे. ऑस्ट्रियाच्या आणि दक्षिण जर्मनीच्या डोंगराळ मुलखात जो खोऱ्यातून वर आला तो टालर. अर्थशास्त्राचं २०१७चं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर हे त्याच आडनावाचे. अमेरिकेत गेल्यावर उच्चार पालटला, अक्षरं तीच राहिली. त्या अक्षरांची एक गंमत आहे. जुन्या जर्मन लेखनात टालमधल्या ‘टी’ला ‘एच’ जोडत. उच्चार मात्र कायम ‘ट’. १९०१च्या शुद्धलेखन-सुधारणेत तो बिनकामाचा ‘एच’ शब्दातून काढला गेला. आडनावांना कुणी हात लावला नाही, म्हणून आडनावात जुनं लेखन टिकलं. त्यामुळे रोमन लिपीत लिहिलेलं ते जुनं जर्मन ‘टाल’ आणि अलिबागेजवळच्या आपल्या थळची रोमन पाटी ही दोन्ही अक्षराला अक्षर सारखी दिसतात. खांदेरी समोर असलेलं, खतकारखान्यामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झालेलं आपलं थळ! तिथून बाहेर पडलेला थळकर आणि बोहेमियातून बाहेर पडलेला टालर कागदावर जवळजवळ सख्खे भाऊ वाटतात.

ते भाऊ नाहीत, हेही लगेच सांगायला हवं. आडनावांच्या अभ्यासाला लागलेली सर्वांत जुनी कीड म्हणजे सारख्या उच्चारावरून नाती जुळवणं. आपलं थळ संस्कृत ‘स्थल’ वरून आलं : कोरडी, उभं राहण्याजोगी जमीन. जर्मन टाल हा इंग्रजी ‘डेल’चा भाऊबंद, म्हणजे सखल जागा. ‘स्थल’ला जर्मनमध्ये नातेवाईक शोधायचाच तर भाषाशास्त्रज्ञ ‘ष्टेले’ या शब्दाकडे बोट दाखवतात; त्याचा अर्थ जागा. एकसारखे दिसणारे दोन शब्द परके निघतात आणि चेहरा न जुळणारे गोत्रातले निघतात. पेण, रोहा, अलिबाग या टापूतल्या आडनावांच्या या पुस्तकात अशा जोड्या जिथे जिथे आल्या आहेत, तिथे वाचकानं ही सावधगिरी बाळगावी.

मग जर्मन आडनावांचा आणि रायगड जिल्ह्याचा संबंध काय? संबंध शब्दांच्या रक्ताचा नाही, घडणीचा आहे. गावाचं नाव घ्यायचं, त्याला प्रत्यय लावायचा आणि तो माणसाच्या पाठीवर कायमचा चिकटवायचा, हा उद्योग जगात पुष्कळांनी केला. पण इतक्या हौसेनं आणि इतक्या बिनचूक एकाच प्रत्ययानं करणारे दोन प्रदेश माझ्या डोळ्यांसमोर येतात : ऱ्हाईन-डॅन्यूबचा मुलूख आणि आपली कोकणपट्टी. ऱ्हाईनकाठच्या ओपनहाइमचा ओपनहायमर, वीनचा म्हणजे व्हिएन्नाचा वीनर, बर्लिनचा बर्लिनर. इकडे किहीमचा किहीमकर, झिराडचा झिराडकर, वाक्रूळचा वाक्रूळकर, रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमीचा अष्टमकर. हांबुर्गच्या हॅम्बर्गरचं तर टालरसारखंच झालं. पुढचा भाग पडून नुसता ‘बर्गर’ उरला आणि तो आता पेणच्या नाक्यावरही मिळतो.

असं आडनाव गावात राहून मिळत नाही, ही या सगळ्यातली मुद्द्याची गोष्ट. पेणमध्ये कुणी कुणाला पेणकर कशाला म्हणेल? तिथे सगळेच पेणचे. तिथे माणूस ओळखला जातो बापाच्या नावानं, आळीवरून, धंद्यावरून. गाव सोडून तो मुंबईला आला, गिरणीच्या, गोदीच्या किंवा पलटणीच्या कारकुनासमोर उभा राहिला आणि कारकुनानं विचारलं, “कुठला?”, की त्या उत्तरातून आडनाव तयार झालं. गाव आडनाव देत नाही. ज्या गावात तुम्ही परके असता ते गाव तुम्हाला आडनाव देतं. प्रत्येक ‘कर’ हा कुणीतरी कधीतरी निघून गेल्याचा दाखला आहे. ओपनहायमर हे आडनाव ओपनहाइममध्ये पडलं नसणार, फ्रांकफुर्टसारख्या दुसऱ्या शहरात पडलं असणार, हे त्याच न्यायानं. नाण्याचंही तेच. खोऱ्यातल्या खाणकामगाराला ते नाणं ‘आमच्या खोऱ्याचं’ म्हणून ओळखायची गरज नव्हती. लाइपझिगच्या जत्रेतल्या व्यापाऱ्याला होती.

धरमतर इथेच महत्त्वाचं ठरतं. अंबा नदी सह्याद्रीतून उतरून पाली, नागोठणे करत खाली येते आणि तिची खाडी होते, ती धरमतरची खाडी. पुढे रेवसपाशी ती मुंबईच्या बंदराला मिळते. ‘तर’ म्हणजे नदी-खाडी पार करून देणारी नाव, आणि ती जिथे लागते ती जागाही. पेणला स्वतःचं अंतोऱ्याचं बंदर होतं, नागोठण्यालाही बंदर होतं. पण मुंबईच्या बोटी धरमतरला लागत, म्हणून पेण, रोहा, अलिबाग या साऱ्या टापूतला मुंबईकडे निघालेला माणूस तिथे येऊन थांबे. आता तिथे पूल आहे, डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी खनिज आणि कोळसा घेऊन येणारे बार्ज आहेत. कित्येक पिढ्या मात्र हा या भागातल्या आडनावांचा उंबरठा होता. अलीकडच्या काठावर हरी, समाजी, बाळू. पलीकडे उतरल्यावर पेणकर, दिवेकर, रोहेकर.

स्वतः धरमतरच्या नावाचं आडनाव मात्र मला कुठे भेटलेलं नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. जिथून लोक जातात ती जागा आणि जिथले लोक असतात ती जागा, या दोन वेगळ्या. जर्मनीत एक अपवाद झाला तो फ्रांकफुर्टचा. फुर्ट म्हणजे नदीचा उतार, पाण्यातून चालत पलीकडे जाण्याची जागा. आपल्या ‘पार’ शब्दाशी त्याचं मूळ जुळतं. फ्रँक लोकांच्या उताराभोवती मोठं शहर वसलं, म्हणून फ्रांकफुर्टर हे आडनावही झालं. धरमतरला शहर वसलं असतं तर कदाचित तेही घडलं असतं.

या टापूतल्या ‘कर’ आडनावांचा सर्वांत व्यवस्थित साठा सांभाळला तो बेने इस्राएलांनी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंनी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. हेही बाहेरच्यांनी दिलेलं नाव. घरातली नावं हिब्रू, पण ती कोकणात राहून मराठी वळणाची झाली होती : सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी. कंपनीच्या फौजेतले समाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला प्रार्थनामंदिर बांधलं. त्यांच्या नावाचा सॅम्युएल स्ट्रीट आजही तिथे आहे. त्या मंदिराला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत आणि शेजारच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. समाजी, हसाजी, दिवेकर : माणूस, बाप, गाव. पलटणीच्या हजेरीपटात बसणारं याहून सुटसुटीत नाव दुसरं नाही. पुढे मागे राहिलेल्या गावांतही मंदिरं उभी राहिली, पेणला १८६३ साली, रोह्याला १८८२ साली. म्हणजे पेणकर मुंबईत पेणकर म्हणून रुळत होते तेव्हा पेण रिकामं झालं नव्हतं.

युरोपातल्या ज्यूंची आडनावं याहून पुष्कळ कठोर रीतीनं पडली. तिथेही पूर्वी अमक्याचा मुलगा तमका एवढंच चाले. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योझेफ यानं १७८७ साली फर्मान काढलं की पुढच्या वर्षाच्या आरंभापासून प्रत्येक ज्यूनं ठरलेलं जर्मन आडनाव धारण करावं. प्रशियानं १८१२ साली नागरी हक्क दिले, तेही कायम आडनावाच्या अटीवर. कर वसूल करायचा, सैन्यभरती करायची, तर सरकारला माणूस एकाच नावानं सापडायला हवा. काहींनी गावाचं नाव घेतलं. काहींनी कानाला गोड लागेल ते घेतलं : रोझेनटाल म्हणजे गुलाबांचं खोरं, लीलियेनटाल म्हणजे कुमुदिनीचं. अशी खोरी कुठे कुठे होतीही, पण ते आडनाव लावणारा प्रत्येक जण तिथून आलेला नव्हता. म्हणून टालर आणि रोझेनटाल हे दिसायला एका कुळातले असले तरी पुरावा म्हणून एका तोलाचे नाहीत. पहिला बहुधा खरं गाव सांगतो. दुसऱ्याच्या बाबतीत आधी वर्ष विचारावं लागतं.

आपल्याकडे असं फर्मान निघालं नाही, आणि म्हणून आपली आडनावं निर्मळ आहेत असंही नाही. इंग्रजी शाळेचं रजिस्टर, खानेसुमारी, रेल्वेची नोकरी यांनी तेच काम हळूहळू केलं. चुलत्याचं एक आणि पुतण्याचं दुसरं आडनाव अशी घरं कोकणात कमी नाहीत. आंग्र्यांचंच पाहा. मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडीवरून आंग्रे पडलं, असं मानतात. ज्या घराण्यानं कुलाब्याचा किनारा गाजवला त्याच्या आडनावात कुलाबा नाही. गमतीचं वाटतं, पण वरच्या नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे.

‘कर’ आणि ‘अर’ यांच्यात आणखी एक साम्य आहे आणि ते वाचकाला फसवतं. दोन्ही प्रत्यय दुहेरी नोकरी करतात. टालरमधला ‘अर’ राहणाऱ्याचा, तर म्युलरमधला करणाऱ्याचा. म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढणारे मॅक्स म्युलर आडनावानं पीठवाले होते. फिशर म्हणजे कोळी, श्नायडर म्हणजे शिंपी. आपल्याकडे थळकरमधला ‘कर’ राहणाऱ्याचा, पण भांडारकरमधला कोठाराचं काम सांगणारा. त्याच रामकृष्ण भांडारकरांना १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठानं पीएच.डी. दिली. त्यांच्या काळात मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारे गेओर्ग ब्यूलर होते. ब्यूल म्हणजे टेकडी, तेव्हा ब्यूलर झाले टेकडीकर. भांडारकर आणि ब्यूलर यांना शेजारी बसवून आडनावं सोडवायला लावली असती, तर ‘कर’चा अर्थ एका रीतीनं आणि ‘अर’चा दुसऱ्या रीतीनं लावावा लागला असता. नुसता प्रत्यय पाहून निकाल देऊ नये, एवढंच यातून घ्यायचं.

विद्वानांना स्वतःच्या आडनावाची लाज वाटण्याचाही एक काळ जर्मनीत होऊन गेला. सोळाव्या-सतराव्या शतकात ते आडनावांना लॅटिन किंवा ग्रीक झूल चढवत. खाणशास्त्राचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा आग्रिकोला हा मूळचा बाउअर, म्हणजे शेतकरी. आणि तो वैद्य म्हणून राहिला होता कुठे, तर याच योआखिम्सटालमध्ये. दुसऱ्या एका घराण्यानं नॉयमान, म्हणजे नवा माणूस, या नावाचं ग्रीक करून नेआंडर केलं. त्या घराण्यातल्या योआखिम नेआंडर या भजनकाराचं नाव पुढे ड्युसेल नदीच्या एका खोऱ्याला मिळालं : नेआंडरटाल. त्या खोऱ्यात १८५६ साली हाडं सापडली आणि आपल्याहून प्राचीन मानवजातीला नाव मिळालं निएंडरथल, म्हणजे अक्षरशः ‘नव्या माणसाच्या खोऱ्यातला’. असा विनोद ठरवून करता येत नाही.

टालर फिरत फिरत आपल्या जिल्ह्याच्या दारापर्यंतही आला. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया तेरेझाचा टालर तिच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल घालून पाडत राहिले, कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंचे व्यापारी दुसरं नाणं हातात घेईनात. दुसऱ्या महायुद्धात इथिओपियाच्या मोहिमेसाठी इंग्रजांना ती नाणी लागली, तेव्हा ती मुंबईच्या टांकसाळीतही पडली. टालरचा वंशज असलेल्या डॉलरची वेळ आली ती ब्रेटन वूड्सच्या १९४४च्या परिषदेत. तिथे पस्तीस डॉलरला एक औंस सोनं हा दर जगाच्या व्यवहाराचा आधार ठरला. त्या परिषदेतल्या भारतीय प्रतिनिधींत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते : जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्याचं. त्यांचं आडनाव वतनाचं, गावाचं नव्हे. जर्मनमध्ये त्याच्या जवळचं आडनाव शुल्त्स, गावचा मुखिया. खोरेकर नाण्याचं भवितव्य ठरत असताना रोह्याचा माणूस त्या टेबलाशी होता, हे जिल्ह्यातल्या किती शाळांत सांगितलं जातं कोण जाणे.

या दोन प्रत्ययांची एक खरीखुरी गाठ मात्र एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पडली. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १८९७ साली. हस्तलिखित चाळीस वर्षं पडून होतं. ते छापलं गेलं १९३७ साली तेल अवीवमध्ये, आणि संपादन केलं इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी. ओल्सवांगर संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी पुढे भगवद्गीतेचं हिब्रू भाषांतर केलं आणि १९३६ साली ते भारतात येऊन गांधीजींना भेटले होते. त्यांचं आडनाव आजच्या लात्वियातल्या एका गावाशी जोडलं जातं. जर्मन लोक त्याला आल्शवांगन म्हणत. म्हणजे किहीमच्या माणसाचं पुस्तक आल्शवांगनच्या माणसानं सिद्ध केलं, आणि तेही अशा शहरात जिथे दोन्ही गावं कुणाच्या नकाशात नव्हती. किहीमकरांचा ग्रंथ वाचताना मला आजही सर्वांत मोलाची वाटते ती नावं आणि गावं यांची त्यांनी केलेली नोंद. वंशाच्या दंतकथांवर वाद घालता येईल. कोणत्या गावात कुठलं कुटुंब होतं यावर घालता येत नाही.

इस्राएलची स्थापना झाल्यावर बेने इस्राएल मोठ्या संख्येनं तिकडे गेले. लोद, रामला, दिमोना, अश्दोद या शहरांत वसले. तिथे युरोपातून आलेल्या पुष्कळांनी ‘अर’ वाली जर्मन आडनावं टाकून हिब्रू आडनावं घेतली, कारण त्यांना ती मागे सोडायच्या मुलखाची वाटत. पेणकर, रोहेकर, दिवेकर तिथे अजून आढळतात. लिहिताना हिब्रू अक्षरांत, वाचणाऱ्याला ‘कर’ म्हणजे काय हे ठाऊक नसताना.

‘कर’चा अर्थ गावाशिवाय लागत नाही, म्हणून पुस्तकातल्या नोंदी आडनावांच्या अक्षरक्रमानं लावलेल्या नाहीत, गावांच्या क्रमानं लावल्या आहेत : आधी खाडीच्या दोन्ही काठांवरची गावं, मग पेणच्या आतल्या डोंगरकडेची, मग कुंडलिकेच्या खोऱ्यातली रोहे-अष्टमी, शेवटी अलिबागचा किनारा. जर्मन आडनावं स्वतंत्र प्रकरणात न घालता जिथे तुलनेला उपयोगी पडली तिथेच येतात. स्वतःचं आडनाव शोधायला आलेल्या वाचकाला त्यामुळे थोडी पानं उलटावी लागतील. गाव माहीत असेल तर फार नाही. माहीत नसेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारून यावं आणि मग पुस्तक उघडावं.